खान्देशी उन्हाचा हिशेब: रोजच्या सवयींतून घरखर्च आटोक्यात कसा आणावा

आमच्याकडे उन्हाळा दोनदा भाजतो. एकदा मे महिन्यात अंगाला आणि दुसऱ्यांदा जूनमध्ये, विजेचं बिल हातात पडतं तेव्हा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की कूलर दिवसरात्र चालतो, फ्रिज घरघर थांबवत नाही, पंख्याचं बटण बंद करायचं असतं हेच माणूस विसरतो. त्यात भाजी महाग आणि नळाला पाणी दिवसाआड, काही गावांत तर आठवड्याने.

घरखर्चाची वही मी बरीच वर्षं लिहिते आहे. त्या वहीने मला एक शिकवलं. ज्या उन्हापायी पैसा जातो, त्याच उन्हात तो परत मिळवायची सोय आहे. धान्य त्यातच वाळतं, मिरची त्यातच कडक होते, पापड-कुरडयांना तेच लागतं आणि टाकीतलं पाणी फुकट तापतं. म्हणून खान्देशात बचतीचं वर्ष जानेवारीत नव्हे, होळी झाली की सुरू करावं. खाली क्रमाने सांगते. सगळं एकदम करायला जाऊ नका, पंधरा दिवसांत कंटाळा येईल.

पहिला महिना: काहीही कमी करू नका, फक्त लिहा

दोनशे पानी साधी वही घ्या आणि ती स्वयंपाकघरात ठेवा, कपाटात नको. रोज रात्री भांडी आवरली की पाच मिनिटं लिहायचं. रोख गेलेलं आठवून आणि फोनवरून गेलेलं फोनमध्ये बघून. दहा-वीस रुपये फोनवरून जातात तेव्हा ते हाताला जाणवत नाहीत, म्हणून दर रविवारी व्यवहारांची यादी वर-खाली करून वहीशी ताडून बघा.

प्रत्येक खर्चापुढे एक खूण करा. "लागलंच असतं" याला रेघ, "थांबलं असतं तरी चाललं असतं" याला टिंब, आणि "हे कशाला घेतलं?" याला फुली. महिनाअखेर फक्त फुल्यांची बेरीज करा. माझी पहिली बेरीज झाली तेव्हा आमच्याकडे महिन्यातून चार वेळा शेवभाजीचं पार्सल येत होतं. खान्देशात जन्मलेल्या बाईच्या घरी शेवभाजीचं पार्सल! सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण बेरीज त्यांनीही पाहिली.

याच महिन्यात आणखी दोन नोंदी सुरू करा. सिलिंडर लावला त्या दिवसाची तारीख, आणि दर रविवारी सकाळी विजेच्या मीटरचा आकडा. पुढचं सगळं यांच्यावरच चालणार आहे.

वीज: बिलातले शेवटचे युनिट आधी पकडा

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी वाढतं: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि ५०० च्या पुढे चौथा. ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटना महाग दर लागतो असं पुष्कळ लोक समजतात. तसं नसतं, वरच्या टप्प्याचा दर वरच्या युनिटनाच लागतो. पण याचा अर्थ असा की तुम्ही वाचवलेला प्रत्येक युनिट तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतो. ३४० युनिट जाळणाऱ्या घराने ४० वाचवले, तर ते चाळीसही महागातलेच. म्हणून रविवारचा मीटर बघायचा. दोन रविवारांतला फरक ७० च्या पुढे गेला की महिन्याचे ३०० ओलांडणार हे आपल्याला बिल यायच्या आधी कळतं.

युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण एक तास चालणं, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं गणित घरी होतं. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. आमच्याकडे उन्हाळ्यात तो अठरा तास फिरतो, म्हणजे दिवसाला १.३५ युनिट. नवा बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) ३० वॅटच्या आसपास घेतो, त्याचे दिवसाला ०.५४ होतात. एका पंख्यामागे महिन्याला २४ युनिटचा फरक पडतो. पंखा महाग असतो हे खरं, म्हणून सगळे एकदम बदलू नका. जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला जुना राहू दे. तुमच्याकडे भिंतीवर तो जुना ठोकळ्यासारखा रेग्युलेटर असेल तर तो मात्र लगेच काढा, पंखा हळू केला तरी त्यात वीज तापून वाया जाते.

आता कूलर. तुलना सरळ आहे. मोठा कूलर २०० वॅटच्या आसपास घेतो, दहा तासांना दोन युनिट. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो, आठ तासांना आठ ते बारा. आपल्याकडचं ऊन कोरडं असल्यामुळे पाऊस येईपर्यंत कूलर उत्तम काम करतो. मुंबईकर नातेवाईक कूलरला हसतात. त्यांच्या दमट हवेत तो चालत नाही, म्हणून हसतात.

पण कूलर नीट लावलेला नसतो, हे मी घरोघर पाहते. कूलर खिडकीबाहेर किंवा खिडकीत हवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. आणि समोरची एक खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवायचं, म्हणजे ओली हवा निघून जाईल. लोक एसीसारखी खोली बंद करून बसतात, तासाभरात अंग चिकट होतं आणि मग "कूलर बिघडला" म्हणून कारागीर बोलावतात. ताट्यांमधलं गवत दर मार्चमध्ये बदला. क्षार बसून ते दगडासारखं झालं की हवा शिरत नाही, मोटार तेवढीच चालते आणि गारवा येत नाही. रोहिणी सरून मृग लागले, हवा दमट झाली की पंप बंद करा आणि नुसता पंखा चालवा.

स्लॅबच्या घरात खरी भट्टी डोक्यावर असते. दिवसभर तापलेली गच्ची रात्री दोनपर्यंत खोलीत उष्णता सोडते. मार्चमध्ये गच्ची झाडून तिला चुन्याचे दोन हात द्या, चुना उडू नये म्हणून त्यात थोडा गोंद मिसळतात. पांढरी गच्ची ऊन परत फेकते. वर्षातून एका रविवारचं काम, पण रात्री कूलर एक नंबर कमी करावा लागतो. पश्चिमेच्या खिडक्या सकाळी दहाला बंद करून जाड पडदे ओढायचे आणि सूर्य गेला की सताड उघडायच्या. दुपारी "हवा येऊ दे" म्हणून खिडकी उघडणं म्हणजे लू घरात बोलावणं.

फ्रिजबद्दल थोडक्यात: भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, दाराच्या रबरात नोट धरून बघा, नोट सहज निघाली तर रबर बदला. आणि पाण्याच्या दहा बाटल्या फ्रिजमध्ये कोंबण्यापेक्षा माठ घ्या. फ्रिजचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं ते पाण्यासाठीच.

आणखी एक, कष्ट नसलेलं: बिल मुदतीआधी लवकर भरलं तर तत्पर भरण्याची सवलत मिळते, आणि कागदी बिलाऐवजी ईमेलवर बिल घेतलं तर त्याचीही मिळते. रक्कम छोटी आहे, पण ईमेलची नोंद एकदा केली की पुन्हा काही करावं लागत नाही.

गॅस: सिलिंडर लावल्याची तारीख

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवलं की एकूण वजन येतं. घेताना वजन करून मागा, तो आपला हक्क आहे आणि देणाऱ्याकडे काटा असायला हवा. संकोच नको.

सिलिंडर तीस दिवस जात असेल तर वर्षाला बारा लागतात. तोच चाळीस दिवस गेला तर नऊ. म्हणजे तीन सिलिंडरचे पैसे. हे दहा दिवस कुठून काढायचे? डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवूनच कुकरला लावायचे. कुकरला वाफ धरली की आच बारीक. ज्वाला भांड्याच्या बुडाबाहेर दिसली तर तेवढा गॅस आपण हवा तापवायला जाळतो. ज्वाला पिवळी झाली तर बर्नर घासायचा, निळी हवी. आणि सगळ्यात मोठं: घरातले सगळे एका वेळी जेवायला बसवायचे. आमच्याकडे एकेक जण येऊन वरण गरम करत असे, त्यात किती गॅस जातो ते सगळे एकत्र बसायला लागल्यावर कळलं. सिलिंडर पाच दिवस जास्त टिकला.

भाकरीचा तवा तापलेला असतानाच मिरच्या-लसूण भाजून घ्या, ठेचा होतो. भाकऱ्या संपल्यावर त्याच उतरत्या तव्यावर शेंगदाणे किंवा जिरं टाकून ठेवा. हिवाळ्यात ज्यांच्याकडे अजून पाणी तापवायचा बंब आहे त्यांनी भरताचं वांगं त्याच्या निखाऱ्यात घालावं. मोठं वांगं गॅसवर भाजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि चवही तशी येत नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेल्या भरताशी गॅसची तुलना मी करणारच नाही.

साठवण: वर्षाचं धान्य भरायचं कसं

इथे खान्देश शहरांच्या पुढे आहे. गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो, दादर (रब्बी ज्वारी) त्याच्या थोडी आधी, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. आणि जळगावात डाळमिलची मोठी पेठ हाताशी आहे. माल निघतो तेव्हा तो स्वस्तही असतो आणि निवडूनही मिळतो.

पण आधी मोजा. आजी सांगायची म्हणून तीन पोती भरली आणि ऑक्टोबरमध्ये एका पोत्यात सोंडे फिरताहेत, ही बचत नाही. एक पोळी साधारण ४० ग्रॅम कणकेची. चार माणसांच्या घरी दिवसाला बारा पोळ्या धरल्या तर रोज अर्धा किलोला थोडी कमी कणीक, म्हणजे वर्षाला पावणेदोन क्विंटल गहू. रात्री भाकरी असेल तर त्यातून वजा करा आणि दादर धरा. पहिल्या वर्षी निम्मंच भरा, नीट टिकलं की पुढच्या वर्षी पूर्ण. रेशनचं धान्य मिळत असेल तर तेही हिशेबात घ्या. प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य सध्या मोफत आहे.

भरायची रीत अशी. चाळून, निवडून धान्य गच्चीवर पातळ पसरायचं, दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं. दाणा दाताखाली धरला की "कट" असा आवाज यायला हवा, चिकटला तर अजून एक दिवस. मग सगळ्यात जास्त चुकतं ते: उन्हातून काढलेलं गरम धान्य लगेच कोठीत भरू नका. झाकणाखाली वाफ धरते, पाणी सुटतं आणि तिथूनच कीड लागते. संध्याकाळी घरात पसरून ठेवा, रात्रभर निवू द्या, सकाळी भरा. गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेल चोळतात, किलोला चमचाभर पुरतं. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर तो सावलीत पूर्ण वाळलेला हवा, ओला पाला उलट घात करतो. कोठी भिंतीला चिकटवू नका, विटा किंवा पाट खाली द्या. आणि रोज लागणारं धान्य मोठ्या कोठीतून काढू नका. पंधरा दिवसांचं छोट्या डब्यात काढायचं, मोठं झाकण पावसाळ्यात जितकं कमी उघडेल तितकं बरं. दळण पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतंच आणावं.

मिरचीसाठी नंदुरबार. तिथल्या पथाऱ्यांवर (मिरची वाळवायच्या मोकळ्या जागांवर) हिवाळ्यात लाल मिरची वाळत पडलेली असते, लांबून रस्त्यावरूनच दिसते आणि नाकाला आधी कळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षाची मिरची घ्या, घरी पुन्हा एक ऊन द्या, देठं काढा. निम्मी कुटून मसाला करा, निम्मी अख्खी ठेवा. तिखटाच्या बरणीत हिंगाचा खडा टाकला की ते टिकतं. आयत्या काळ्या मसाल्याच्या पाकिटावर आपण वर्षभर जो खर्च करतो तो एकदा वहीत बघा.

कुरडया, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे एकटीने करायचे नसतात. गल्लीतल्या चार घरांनी चार दिवस वाटून घ्यावे, आज माझ्या गच्चीवर, उद्या तुमच्या. कष्ट चौघींत वाटले जातात आणि गप्पाही होतात. याच दिवसांत उन्हाळी कांदा घरात येतो. त्यातला जाड मानेचा आधी खा, बारीक मानेचा, कोरड्या सालीचा तेवढाच साठवा. पोत्यात बांधून ठेवू नका, जमिनीवर किंवा जाळीवर एकेरी पसरा, वारा लागू द्या.

भाजीवाचून भाजी

मे-जूनमध्ये बाजारात भाजी सुकलेली आणि दुपटीने महाग असते. आपल्या आजीपणज्यांनी यावर उपाय करून ठेवला आहे आणि आपण त्याला "हॉटेलचा पदार्थ" समजायला लागलो आहोत. वाटीभर बेसन घेतलं तर चौघांना पुरतील एवढ्या पातोड्या होतात. उकळत्या रश्श्यात बेसनाचे गोळे सोडले की डुबुक वडे. तिखट जाड शेव डब्यात असली की भाजलेला कांदा, खोबरं, लसूण आणि काळ्या मसाल्याचा रस्सा करून वीस मिनिटांत शेवभाजी. शेव वाढताना टाका, आधी टाकली तर लगदा होतो आणि मग मुलं पार्सल मागतात. याशिवाय पिठलं, कढी, वरण-बट्टी, आणि उडीद घालून दळलेल्या कळण्याच्या भाकरीबरोबर नुसता ठेचा आणि तेल.

मी उन्हाळ्यात आठवड्याचा पट असा ठेवते: चार दिवस डाळ-बेसनाचं, तीन दिवस हिरवी भाजी. भाजी आठवडी बाजारातून, आणि तीही ऊन उतरल्यावर. बाजार उठायच्या वेळी शेतकऱ्याला घरी परत न्यायचं नसतं. मात्र त्याच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका, आपलीच माणसं आहेत. भाव उतरलेलाच असतो.

हिवाळ्यात उलटं करा. वांगी, मेथी, गाजर, मटार स्वस्त आणि भरपूर असतात, तेव्हा डाळीला हात आखडता. मेथी सावलीत वाळवून डब्यात भरली की जूनमध्ये मुटकुळ्यांना होते. गवारीच्या शेंगा उन्हात वाळवून तळणीला. केळी तर रावेर-यावलच्या कृपेने बाराही महिने असतात. जास्त पिकली की टाकू नका, शिकरण करा.

उरलेल्या पोळीचा फोडणी घालून कुस्करा, उरलेली भाकरी दुधात किंवा ताकात कालवून सकाळी. पण खरं सांगायचं तर शिळ्याचे पदार्थ शोधण्यापेक्षा कणीक मोजून भिजवावी. आमच्याकडे रात्री प्रत्येकाला किती पोळ्या हे विचारूनच पीठ घेते. आमच्या ह्यांना आधी याचा राग यायचा, "खानावळ आहे का?" म्हणायचे. आता स्वतःहून येऊन आकडा सांगतात.

पाणी: टँकर आणि जारचा खर्च

पाण्याला पैसे पडत नाहीत असं वाटतं, तोवर टँकर आणि वीस लिटरचा जार वहीत येतो. आमच्याकडे दिवसाला एक जार लागायचा. माठाला गाळणं बांधलं, पाणी उकळून गार करून भरायला लागलो, तर जार फक्त पाहुणे आल्यावर.

घरात आरओ असेल तर एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकलं जातं. त्या नळीखाली बादली ठेवा. ते पाणी फरशी पुसायला, संडासाला, भांड्यांच्या पहिल्या धुण्याला चालतं. कूलरमध्ये मात्र टाकू नका, त्यात क्षार जास्त असतात, ताट्या महिन्याभरात पांढऱ्या होतात. टाकी भरून वाहू नये म्हणून तरंगत्या गोळ्याचा नळ (फ्लोट व्हॉल्व्ह) बसवा. मोटार लावून माणूस फोनवर बोलत बसला की पाणी आणि वीज दोन्ही गटारात.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारनंतर इतकं तापतं की हात घालवत नाही. तेलकट भांडी त्याच वेळी घासा. आणि आंघोळीसाठी थंड पाणी हवं असेल तर पहाटे बादल्या भरून ठेवा. थंडीत दोन हजार वॅटचा गीझर पंधरा मिनिटांना अर्धा युनिट घेतो, म्हणून एकामागोमाग एक आंघोळी उरका, प्रत्येकाच्या वेळी तो नव्याने तापवू नका.

वाचलेला पैसा हलवा

वाचलेले पैसे खात्यातच राहिले तर ते दुसऱ्या कशाला तरी जातात. मी स्वतः दोन वर्षं हेच केलं, वहीत बचत दिसायची आणि हातात काही नाही. आता सिलिंडर दहा दिवस उशिरा संपला की त्या दिवशी सिलिंडरच्या एक तृतीयांश रकमेएवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकते. विजेचं बिल मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा कमी आलं की फरक तिकडे. तुलना मागच्या महिन्याशी नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, नाहीतर हिवाळ्यात सगळेच शहाणे ठरतात.

पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून उघडता येते, पाच वर्षांची असते. बचत गटात असाल तर उत्तमच. गल्लीतली भिशी मला आवडते, पण ती ओळखीच्या दहा-बारा जणींपुरती आणि रक्कम छोटी असेल तोवरच. "महिन्याला एवढे टक्के" सांगणाऱ्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

जास्त व्याजापायी पतसंस्थेत अडकलेल्या ठेवींची झळ आपल्या भागातल्या कितीतरी घरांना बसली आहे. म्हणून ठेव ठेवताना एकच प्रश्न विचारा: ही बँक आहे की पतसंस्था? बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासकट ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही.

आणि सोनं. जळगावात राहून सोन्याचं नाव न घेता हा लेख संपवला तर शेजारीण बोलायची नाही. घ्या, पण बचत म्हणून घेत असाल तर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी परत मिळत नाही, एवढं वहीत वेगळं लिहा. आखाजीला (अक्षय तृतीयेला) मी एखादा ग्रॅम घेते तो साधा वेढा, नक्षी नाही. नक्षीचा हट्ट लेकीच्या लग्नापर्यंत राखून ठेवला आहे.